रिकाम्या चकतीतली हळद

मी खाजेवर काम करते. गावात हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ओटीवर बसलेल्या बायकांपैकी एकीने बांगड्या वर सरकवून कोपराजवळचा चट्टा माझ्या नाकासमोर धरला.

"हे बघ गं, भात झोडला का दरसाल उठतं. काय लावू?"

"काकू, मी डॉक्टर नाही. मी प्रथिनं बनवते."

"मंग इतकी वर्सं शिकत काय हुतीस?"

या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला अजून देता आलेलं नाही, पण इथे प्रयत्न करते.

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी चरबीच्या पातळ पडद्यात गुंडाळलेली असते. त्या पडद्यात जागोजागी काही प्रथिनं रुतून बसलेली असतात, थोडी बाहेर डोकावणारी, थोडी आत. त्यांना रिसेप्टर म्हणतात. बाहेरून काहीतरी येऊन त्याला चिकटतं, आत निरोप जातो आणि माणूस चारचौघांत नको तिथे खाजवायला लागतो. दाराबाहेर बेलचं बटण आणि घरात टिंगटाँग, तसाच प्रकार. खाजेवरची औषधं शोधणाऱ्यांना ही बेल भिंतीतून उचकटून, तरीही चालू स्थितीत, टेबलावर हवी असते. अडचण एवढीच की चरबीतून उपटली की ती मरते. पाण्यात टाकली तर तिचा गोळा होतो. साबणात विरघळवून काढता येते, पण साबण तिला फार दिवस जगू देत नाही.

यावरचा तोडगा म्हणजे नॅनोडिस्क. आमच्याकडे सगळे तिला चकतीच म्हणतात. चरबीचा एक गोल तुकडा, डोळ्यांनाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारा, आणि त्याच्या कडेने दुसऱ्या एका प्रथिनाचा पट्टा, सुपाला वेताचा काठ बांधतात तसा. मध्ये आमचा रिसेप्टर उभा. त्याला वाटतं आपण घरीच आहोत. ही फसवणूक जमली की तो जिवंत राहतो, आणि मग त्याला बाटलीत भरून जगभरच्या प्रयोगशाळांना विकता येतं. बनवायची कृती अशी की चरबी साबणात विरघळवायची, त्यात रिसेप्टर आणि पट्ट्याचं प्रथिन घालायचं, मग साबण शोषणारे पांढरे मणी टाकून थंड खोलीत हळूहळू फिरवत ठेवायचं. साबण निघून जातो तशा चकत्या आपोआप जुळतात. आपण त्यात नाक खुपसायचं नसतं. आमच्याकडे कुणीतरी नाक खुपसलं, त्याचीच ही हकीकत आहे. नाक नव्हे, बोट.

आमची प्रयोगशाळा लोधिवलीच्या अलीकडे, जुन्या हायवेला लागून, बिस्किटांच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये आहे. पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की अजून व्हॅनिलाचा वास सुटतो आणि लाखमोलाच्या यंत्रांमध्ये उभं राहून माणसाला चहाची तलफ येते. कंपनी लहानशी. तिच्यात पडदा-प्रथिनांचा विभाग म्हणजे मी, माझ्या हाताखालचे दोघे, आणि आमच्या डोक्यावर सर. सर परदेशात बरीच वर्षं काढून आलेले. हुशार, भांडखोर आणि कडक नास्तिक. गणपतीच्या वर्गणीला आलेल्या मुलांना ते अर्धा तास उत्क्रांती समजावून सांगत आणि मग दुप्पट वर्गणी देत, त्यामुळे मुलं दरवर्षी उत्क्रांती ऐकायला येत.

मी इथली. आमचं गाव भिवपुरीजवळ. वीजकेंद्राचे डोंगरावरून उतरणारे पाइप आमच्या अंगणातून दिसतात, आणि तरीही वीज जाते ती जातेच. मी शिकले हैदराबादला, नोकरीही तिथेच केली. वडील गेल्यावर आईला तिकडे घेऊन गेले, तर आठवड्याभरात ती म्हणाली, "हितं आंगणच नाय. सकाळी उठून मी बघू काय? लिफ्ट?" आणि सामान बांधून बसली. मग मीच परत आले. कर्जत-चौक रस्त्याने स्कूटर हाकत लोधिवलीला जायचं, संध्याकाळी त्याच रस्त्याने अंगावर धूळ घेऊन यायचं. हैदराबादच्या मैत्रिणींना वाटतं मी त्याग केला. त्याग वगैरे काही नाही. मला ते अंगण आवडतं आणि आईशी भांडल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही.

हे सगळं मोडायची वेळ त्या वर्षी आली होती. खाजेचा रिसेप्टर चकतीत बसत होता, पण मेलेला. आम्ही चरबी बदलली, साबण बदलला, पट्टा लांब केला, आखूड केला. प्रत्येक खेपेला तो चकतीत शिस्तीत उभा राही आणि एकाही निरोपाला उत्तर देत नसे. मुंबईहून कंपनी चालवणारी मंडळी गणपतीनंतर येऊन सांगून गेली, दिवाळीपर्यंत हा जिवंत झाला तर ठीक, नाहीतर विभाग बंद. विभाग बंद म्हणजे मी पुन्हा हैदराबादला. आसपास या कामाची दुसरी जागा नाही. जुन्या ठिकाणाहून फोनही आला होता, दिवाळीनंतर सांगते असं मी म्हटलं होतं. आईला मी काही बोलले नव्हते, पण माळ्यावरची मोठी बॅग मी नुसती हलवली तेव्हा ती खालून ओरडली, "ती राहू दे तिथं. तिच्यात मी वाल ठेवलेत."

अशात दसरा आला. आमच्या पट्ट्यात खंडेनवमीला कुठलाही कारखाना यंत्र चालवत नाही. यंत्रं धुतात, पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात. केमिकलवाले, स्टीलवाले, टेंपोवाले, सगळे. आमच्याकडे सरांनी एक तह करून ठेवला होता. पूजा निळ्या दरवाज्यापर्यंत. दरवाज्याच्या बाहेर जनरेटर, कॉम्प्रेसर, गाडी, प्रिंटर, काय वाट्टेल ते पुजा. आत कण जाता कामा नये. या तहावर त्यांनी जवळजवळ सह्या घेतल्या होत्या. साफसफाई करणाऱ्या मावशी याचा वचपा म्हणून बाहेरच्या प्रत्येक वस्तूला टिळा लावत, चहाच्या यंत्राला आणि सरांच्या हेल्मेटलासुद्धा.

हळद माझ्या घरची असे. आईने परसात लावलेली, उकडलेली, वाळवलेली, स्वतः उभं राहून दळून आणलेली. बाजारच्या हळदीबद्दल आईचं मत छापण्यासारखं नाही. दरसाल ती मला स्टीलच्या डबीत पूजेपुरती हळद भरून द्यायची आणि बजावायची, "आसली हाय ती. जपून वापरा. कापडाला लागली तर कापड फेकावं लागंल." त्या वर्षीही दिली. पूजा झाली, पेढे खाल्ले, मावशींनी चहाच्या यंत्रापुढे हात जोडले, आम्ही घरी गेलो.

दसऱ्यानंतर कामावर आलो आणि नवीन खेप लावली. दुसऱ्या दिवशी चकत्या धुऊन तपासायला घेतल्या. तपासणी अशी, की रिसेप्टरला चिकटणाऱ्या एका रसायनाला हिरव्या उजेडाची खूण लावलेली असते. ते चकत्यांत मिसळायचं, न चिकटलेलं धुऊन टाकायचं, निळा प्रकाश मारायचा. हिरवं चमकलं तर रिसेप्टर जिवंत. इतके महिने आमच्या यंत्राच्या पडद्यावर जमिनीला टेकलेली रेघ होती. त्या दिवशी ती उठून उभी राहिली.

मी ओरडले. माझ्या हाताखालचा मुलगा नाचला, मुलगी रडली. सर धावत आले, पडद्याकडे बघितलं, खुर्चीत बसले आणि टक्कल पुसत राहिले. मी म्हटलं, "सर, रिकाम्या चकत्या लावून तुलना करायची राहिलीय." हा आमचा रोजचा रिवाज. रिसेप्टर न घालता नुसती चरबीची चकती बनवायची आणि तिच्यावरही हाच प्रयोग करायचा. तिथे अंधार दिसला पाहिजे, तरच भरल्या चकतीतला उजेड खरा. सर म्हणाले, "हो, हो, उद्या कर," आणि त्यांनी तिथूनच मुंबईला फोन लावला. मी त्या दिवशी घरी जाताना कर्जतहून जिलेबी घेतली. आईला काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, माळ्यावर वाल राहू देत. तिने जिलेबी खाल्ली आणि ती शिळी आहे असं सांगितलं. ती खूश झाल्याची ही खूण.

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या चकत्या तपासल्या. त्या भरलेल्या चकत्यांपेक्षा जास्त चमकल्या.

ज्या घरात माणूसच नाही, त्या घराची बेल वाजवावी आणि आतून "आलो, आलो" असं ऐकू यावं, तसं मला झालं. मी पुन्हा केलं. मग ते चमकणारं रसायन न घालताच केलं, तरी चमकलं. म्हणजे उजेड चकतीतच होता, चरबीतच होता. साबणात विरघळवलेल्या चरबीच्या आमच्याकडे थंड खोलीत दोन बाटल्या होत्या, एकाच दिवशी बनवलेल्या, काळसर काचेच्या, पिवळ्या टोपणांच्या. ही खेप पहिल्या बाटलीतली होती. दुसरीतल्या चरबीवर निळा प्रकाश मारला, अंधार. पहिलीतल्या चरबीवर मारला, दिवाळी.

मग मी पहिल्या बाटलीचं टोपण उजेडात धरलं. पिवळ्या टोपणावर पिवळं काही लागलं असेल तर दिसणार कसं? पण बोट फिरवलं तर खरखरीत लागलं, आणि आट्यांमध्येही काहीतरी वाळलेलं होतं. मी कापसाने पुसून घेतलं आणि त्यावर कॉस्टिक सोड्याचा एक थेंब टाकला. हळदीत चुना कालवला की काय होतं हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत असतं. कापूस लालभडक झाला. इतकी वर्षं मी शिकत काय होते, त्याचं उत्तर बघा, कुंकू बनवायला.

हळद चरबीत मस्त विरघळते आणि निळ्या प्रकाशात हिरवी चमकते. बाजारची असती तर तिच्यात निम्मं पीठ असतं, कदाचित रेघ हललीही नसती. पण ही आसली होती.

मी बाहेर येऊन सांगितलं. हाताखालच्या मुलीने वहीतल्या त्या खेपेवर फुली मारली. मुलगा म्हणाला, "मावशींचंच काम असणार." मावशी दाराशीच पुसत होत्या.

"माझं?" त्यांनी फडकं बादलीत आपटलं. "त्या थंड खोलीत मी पाय ठेवीत नाय. मढं ठेवायची खोली ती. मी निळ्या दारापासनं पुढं हळद नेली आसल तर माझी जीभ झडंल. कुणी म्हणाला माझं नाव?"

सर तिथेच उभे होते. सर एरवी अशा वेळी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने बोलतात. ते काही बोलले नाहीत. त्यांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला. आणि मला एकदम आठवलं की काल टक्कल पुसताना त्यांच्या अनामिकेचं नख पिवळं दिसलं होतं. मला वाटलं होतं, बटाट्याच्या भाजीचं.

मी त्यांच्या मागोमाग केबिनमध्ये गेले आणि दार लावलं.

"सर, हात दाखवा."

"का?"

"माझ्या घरची हळद आहे. नखातून आठवडाभर निघत नाही. हात दाखवा."

त्यांनी हात काढून टेबलावर ठेवला. त्या क्षणी ते आमच्या विभागाचे प्रमुख दिसत नव्हते, वर्गात तंबाखू सापडलेला मुलगा दिसत होते.

"सगळे जण गेल्यावर," ते म्हणाले. "बाहेर ताटात उरली होती. पाण्यात बोट बुडवून जरा लावली. फक्त टोपणाला. कुंकू नाही लावलं, दिसलं असतं."

"तुम्ही? अहो, तुम्ही?"

"अगं, सगळे प्रयोग करून झाले होते. एवढाच राहिला होता."

मला हसू आलं आणि त्याच वेळी त्यांना काहीतरी फेकून मारावंसंही वाटलं. टेबलावर पेपरवेट होता, तो मी हातात घेतला आणि परत ठेवला. मग मी म्हटलं की निदान दुसऱ्या बाटलीला टिळा न लावून त्यांनी तुलनेची सोय ठेवली, यातून त्यांचं शिक्षण दिसतं. ते हसले नाहीत. बाहेर मावशी अजून बोलतच होत्या, भांडी आपटत होत्या. मी म्हटलं, "मावशींना काय सांगू?"

"उद्या मुंबईची मंडळी येतायत," ते म्हणाले. "चांगली बातमी ऐकायला. आत्ता सांगितलं तर दिवाळीपर्यंतही थांबणार नाहीत, उद्याच कुलूप. दोन-तीन आठवडे मिळाले तर आपण खरोखर करून दाखवू. तुला वाटतं ना, करू शकू?"

मला वाटत होतं. हीच तर पंचाईत होती. त्यांचं म्हणणं मला पटत होतं, आणि ते का पटतंय हेही मला स्वच्छ दिसत होतं. मी बघून सांगते म्हटलं आणि स्कूटरला किक मारली.

घरी आई अंगणात वाल निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, या वेळी हैदराबादसकट. ती चकतीपर्यंत नीट ऐकत होती, हळदीवर आल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं.

"चमकली? माझी हळद?"

"चमकली गं. फार चमकली."

"मी सांगत हुते. आसली हाय." तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान पसरला तो बघून मला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

"आई, त्या हळदीने माझी नोकरी जाईल."

"सांगू नको मंग. कुणाला कळतंय?"

"उद्या नाही कळणार. पण या चकत्या कुणीतरी विकत घेईल, तिला कळेल. वर्षभराने."

"ती कोण?"

ती कोण, हे मला चांगलंच माहीत होतं. हैदराबादला मी शिकत असताना बाहेरून आणलेलं एक प्रथिन खराब निघालं होतं. बनवणाऱ्यांना ठाऊक होतं, त्यांनी कळवलं नाही. त्यावर मी घातलेले महिने मोजायचीही मला इच्छा नाही. चूक माझीच आहे असं समजून मी हॉस्टेलच्या गच्चीत बसून रडायचे, आणि घरी फोनवर आईला सांगायचे की छान चाललंय. हे मी आईला तेव्हा सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सांगितलं.

आईने वाल पुन्हा पुढ्यात ओढले.

"मंग जा हैदराबादला," ती म्हणाली. "मी काय नाय म्हनते का? शेजारपाजार हाय. माझं काय अडतंय." आणि मग पदर डोळ्याला न लावता, अगदी सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "तू जाऊ नयेस असं मला लई वाटतं. ते वाटूच दे मला." मी तिच्याबरोबर वाल निवडत बसले आणि तिने माझे निवडलेले दाणे पुन्हा निवडले.

सकाळी मी सरांना सांगितलं की मी रिकाम्या चकतीचा आलेख दाखवणार आहे. तुम्ही हळदीचं नाव काढू नका हवं तर, म्हणा कचरा गेला. त्यांनी मान हलवली, पण कशी हलवली, आडवी की उभी, ते मला कळलं नाही.

मुंबईहून दोघं आली होती, एक वयस्कर गृहस्थ आणि एक तरुण बाई, लॅपटॉप उघडून बसलेली. मी पहिला आलेख लावला, उभी रेघ. गृहस्थांनी टाळी वाजवायला हात उचलले. मी दुसरा लावला, रिकाम्या चकतीचा. त्यांचे हात तसेच राहिले. मी तोंड उघडायच्या आत सर उभे राहिले.

"मी परवा तुम्हाला जो आनंदाचा फोन केला, तो हळदीचा होता," ते म्हणाले.

"म्हणजे? लग्न आहे कुणाचं?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही. खंडेनवमीला मी चरबीच्या बाटलीला हळद लावली. मी स्वतः. लपून. रिसेप्टर जिवंत व्हावा म्हणून. रिसेप्टर मेलेलाच आहे. चमकतेय ती हळद." मग ते दाराकडे वळले. तिथे मावशी चहाचा ट्रे घेऊन थिजल्या होत्या. "आणि मावशी, काल मी गप्प बसलो. चुकलं माझं."

मावशी म्हणाल्या, "हेल्मेटाला लावलेली तर तुमी माझ्यावर दोन दिवस वराडत हुता." आणि कप वाटले.

कुणी हसलं नाही असं नाही. गृहस्थ हसले, पोट धरून हसले, डोळे पुसले आणि हसणं संपल्यावर म्हणाले की विभाग मात्र ठेवता येणार नाही. रिसेप्टरचं काम थांबवायचं. सर बसले. आपण हैदराबादला कोणत्या गाडीने जाणार, इतका क्षुल्लक विचार माझ्या डोक्यात आला. तेवढ्यात ती तरुण बाई, जी दुसऱ्या आलेखाकडेच बघत होती, मला म्हणाली, "ही रिकामी चकती तुम्ही नेहमी बनवता?"

"रोज," मी म्हटलं. "डोळे झाकून बनवते. ती बिघडतच नाही. तिच्यात बिघडायला काही नसतंच."

"प्रत्येक वेळी सारखी?"

"हळद नसली तर."

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तिच्या ओळखीच्या कितीतरी प्रयोगशाळा रिकाम्या चकत्या परदेशातून मागवत होत्या, तुलनेसाठी, आमच्यासारख्याच. मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या आमच्याकडे रोज बनत आणि रोज मोरीत जात, आणि ते विकावं असं आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या मनात आलं नव्हतं. आम्ही सगळे जण त्या मेलेल्या रिसेप्टरभोवती रडत बसलो होतो.

विभाग राहिला, निम्मा. खाजेचा रिसेप्टर उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजमध्ये झोपलाय. सर अधूनमधून फ्रीज उघडतात, बघतात, बंद करतात. त्यांना ते फार लागलं आणि ते लपवतही नाहीत. आम्ही रिकाम्या चकत्या विकतो. प्रत्येक बाटलीसोबत एक कागद जातो, त्यावर लिहिलेलं असतं की आत कोणतंही रिसेप्टर प्रथिन नाही, आणि खाली सरांची सही असते. एवढं शिकून शेवटी आत काही नाही याची हमी देतोय, असं ते दर सहीला म्हणतात. ओटीवरच्या काकूंना मी हे सांगितलं तर त्यांनी गालावर बोट ठेवलं. "रिकामीच? आन् लोक घेत्यात?" मग त्यांनी चट्टा दाखवला. तो अजून आहे.

यंदा पुन्हा खंडेनवमी आली. आता सर निळ्या दरवाज्याशी थांबतात, दोन्ही हात पालथे करून माझ्यापुढे धरतात, नखं तपासून घेतात आणि मगच आत जातात. त्यांनी तो नियम स्वतःच काढला. मला मजा वाटते म्हणून मी जरा जास्तच वेळ तपासते.

आदल्या संध्याकाळी आईने नेहमीची स्टीलची डबी माझ्या पिशवीत टाकली होती. सकाळी मावशींनी ती उघडली आणि वास घेतला. "ही तुमच्या घरची न्हाय," त्या म्हणाल्या. मी बघितलं. फिकी, पिठासारखी, बाजारची. आमच्या घरात बाजारची हळद माझ्या आठवणीत कधी आलेली नव्हती. मी आईला फोन लावला.

"हो, बाजारची हाय," ती म्हणाली. "काल कर्जतला गेलेले टमटमनं. दुकानदार बघतच राह्यला, काकी आन् पाकिटाची हळद? म्हटलं, दे गपचीप."

"अगं, पण का? गुडघा दुखतोय ना तुझा?"

"घरची लई चमकती," आई म्हणाली. "परत काय झालं तर तू जाशील."